पावसाच्या उतरणीवरील वने : पुणे शहर आणि परिसर

पुणे जिल्ह्याची पश्चिम कडा ताम्हिणी घाटाजवळ संपते, तर पूर्वेचे टोक इंदापूरच्या पलीकडे भीमेच्या काठी आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर भरते. एवढ्या अंतरात पावसाचे मान कितीतरी पटींनी उतरते. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटरवर येतो आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास राहतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, आपले बहुतेक पाणी माथ्यावर टाकतात आणि कोरडे होऊन पूर्वेकडे उतरतात, हे शाळेच्या भूगोलात सर्वांनी वाचलेले असते. या पर्जन्यछायेने झाडांची, गवतांची आणि प्राण्यांची जी मांडणी केली आहे ती मात्र पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपते. पुण्याच्या विद्यार्थ्याला ती एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात प्रत्यक्ष पाहता येते.

भारतातील वनांचे शास्त्रीय वर्गीकरण हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केले. चॅम्पियन आणि सेठ यांनी त्याची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. वन विभागाच्या कामकाजात आजही हेच वर्गीकरण प्रमाण मानले जाते. निमसदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी आणि काटेरी असे त्यातील अनेक प्रकार या एकाच जिल्ह्यात आढळतात. त्यामुळे पुण्यात ‘वन’ या शब्दाचा अर्थ ठिकाणागणिक बदलतो. वृक्षारोपणाचे उद्दिष्ट हाती असलेल्या अधिकाऱ्याला आणि गायरानाचा ठराव करणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याला हा फरक ठाऊक नसेल, तर काय घडते याचा दाखला खुद्द पुणे शहराच्या टेकड्यांवरच उभा आहे. तो पाहण्यापूर्वी टेकड्यांच्या दोन्ही बाजूंचा मुलूख पाहिला पाहिजे.

घाटमाथा

भीमाशंकर हे पश्चिमेकडील वनांचे उत्तम उदाहरण होय. भीमा नदीचे उगमस्थान आणि ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून ते सर्वांना परिचित आहे. सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही येथील प्रमुख झाडे असून त्यांच्या जोडीला हिरडा, आंबा, उंबर आणि फणस आहेत. झाडांची उंची फारशी नसते. माथ्यावरचा वारा आणि जांभ्याचा किंवा कातळाचा पातळ थर त्यांना वाढू देत नाही. मात्र शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की जमिनीवर ऊन क्वचित पोहोचते. पावसाळ्यात कुजणाऱ्या फांद्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी रात्री मंद हिरवट प्रकाश देतात. तो पाहण्यासाठी अलीकडे दूरदूरचे लोक येऊ लागले आहेत.

उघड्या उतारांवर कारवीचे रान असते. ही झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच, परंतु सर्व मिळून फुलतात, बी धरतात आणि वाळतात. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांनी येथील घरांचे कूड विणले जातात आणि वर शेणामातीचा गिलावा दिला जातो. फुलोऱ्याच्या वर्षी मिळणाऱ्या मधाची ख्याती निराळीच.

या वनाचा खरा मानकरी म्हणजे शेकरू. महाराष्ट्राने राज्यप्राणी म्हणून स्वीकारलेली ही मोठी खार शेपटीसह सुमारे एक मीटर लांब भरते. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट आणि झुबकेदार शेपूट यांमुळे ती सहज ओळखता येते. शेकरू दिवसा वावरते, फळे, बिया, साल व कोवळी पाने खाते आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवते. तिचा सारा व्यवहार या झाडावरून त्या झाडावर उडी घेऊन चालतो. म्हणूनच शेंड्यांचे छत्र अखंड राहणे तिच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंची चार-चार झाडे काढली, तर नकाशावर वनाचे क्षेत्र जवळजवळ तेवढेच दिसते. शेकरूच्या दृष्टीने मात्र त्या वनाचे दोन तुकडे झालेले असतात. ‘क्षेत्र’ आणि ‘वन’ यांतील हा फरक अहवालाच्या रकान्यात मावत नाही.

येथील महादेव कोळी समाजाचे जीवन या वनाशी जोडलेले आहे. हिरड्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून विकणे हे आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांतील अनेक कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे. हिरड्याचे झाड उभे राहण्यात त्यांचे हित असल्याने त्याला कुऱ्हाड लावताना शंभरदा विचार केला जातो. याउलट भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर भार टाकते. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच घरात घडतात. वनसंरक्षणाचे भाषण देणाऱ्याने त्या दोन्ही जाणून घेतलेल्या बऱ्या.

देवरायांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय महत्त्व प्रथमच जगापुढे मांडले. देवाच्या नावाने राखलेल्या या लहान-मोठ्या राया म्हणजे त्या त्या गावच्या मूळ वनाचे नमुने होत. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई, तसेच भेर्ली माडांसाठी प्रसिद्ध असलेली मावळातील आजिवलीची देवराई ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली आता अशाच ठिकाणी पाहायला मिळतात. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी राईतील झाडे विकण्याची कल्पना अधूनमधून पुढे येते. ग्रामसभेने अशा वेळी एवढे ध्यानात घ्यावे की सिमेंटचा सभामंडप दोन वर्षांत पुन्हा बांधता येतो.

घाटमाथ्याच्या पूर्वेला मावळ, मुळशी, भोर या तालुक्यांत आर्द्र पानझडी वनांचा पट्टा लागतो. ऐन, किंजळ, धावडा, हेद, कळंब, बेहडा, आपटा, बहावा ही तेथील झाडे होत. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर येथे आढळतात आणि पहाटे ओढ्याकाठी शीळ कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकू येते. ताम्हिणी परिसरातील सुमारे पन्नास चौरस किलोमीटर क्षेत्र २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणलोट याच पट्ट्यात येतात. पुण्याच्या नळाला येणारे पाणी याच उतारांवरून उतरलेले असते.

पूर्वेचे माळ

आता पुणे शहर ओलांडून सुपे, दौंड, बारामती, इंदापूरकडे निघावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालव्याचा ऊस संपला की उघडे, पसरट माळ लागतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्यास येथे काहीच दिसत नाही. पिवळे खुरटे गवत, तुरळक हिवर आणि बाभूळ, बोरीची जाळी, तरवडाची झुडपे आणि मुरूम, एवढेच. महसूल दप्तरात अशा जमिनीची नोंद पडीक किंवा खराबा अशी होते आणि देशपातळीवरील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी व गवताळ प्रदेशांचा मोठा भाग समाविष्ट केलेला आढळतो.

वस्तुतः हा एक संपन्न प्रदेश आहे. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर असून ते राज्यातील अगदी लहान अभयारण्यांपैकी एक आहे. ते मुख्यतः चिंकारा या सडपातळ कुरंगासाठी राखलेले आहे. चिंकारा पानांतील ओलाव्यावर बराच काळ भागवतो आणि धोका दिसताच पळ काढतो. पळण्यासाठी आणि दूरवर पाहण्यासाठी त्याला मोकळी जागा हवी असते. दाट झाडी त्याला अडचणीची वाटते. लांडगा, खोकड, तरस हे याच माळाचे रहिवासी आहेत. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी आणि लावा हे पक्षी उघड्या जमिनीवर, दगडमातीत मिसळून जाणाऱ्या रंगाची अंडी घालतात. पावसाळ्यापूर्वी दगडावर बसून गळ्याची रंगीत पिशवी फुलवणारा सरडाही येथे दिसतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटातील सरड्यांसाठी नवी प्रजाती निश्चित केली, तेव्हा तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. मराठी शब्द प्राणिशास्त्राच्या जागतिक परिभाषेत गेल्याचे असे प्रसंग विरळा.

या माळावर धनगरांच्या मेंढ्या शतकानुशतके चरत आल्या आहेत. लांडगा त्यांतील एखादे कोकरू उचलतो, धनगर ओरडतो, कुत्री धावतात. हा संघर्ष जुना असूनही लांडगा टिकला, कारण माळ टिकला होता. आता एका बाजूने पाणी पोहोचलेल्या जमिनीत ऊस आणि फळबागा आल्या, दुसऱ्या बाजूने औद्योगिक वसाहती आणि घरांचे भूखंड पाडले गेले आणि मधल्या जागेत वृक्षलागवडीसाठी चर खोदले गेले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. एकेकाळी तेथे हमखास दिसणारा हा भव्य पक्षी आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याला लागणारे विस्तीर्ण, अखंड गवताळ रान तुकड्या-तुकड्यांनी संपत गेले.

उसाने दुसरी एक विलक्षण गोष्ट घडवली आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात धरणांच्या कालव्यांमुळे हजारो एकर ऊस उभा राहिला. उंच, दाट, सावलीचा आणि पाण्याजवळचा हा ऊस बिबट्याने वन म्हणूनच स्वीकारला. मादी उसात पिल्ले घालते आणि तोडणीच्या हंगामात ती उघडी पडतात. या पिल्लांना वाढवणारी मादी वस्तीजवळच्या शेळ्या आणि कुत्र्यांवर गुजराण करते. माणसांवर हल्ल्यांच्या दुःखद घटना तेथे घडल्या आहेत आणि त्यांचे गांभीर्य कोणत्याही शास्त्रीय विवेचनाने कमी होत नाही. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र याच परिस्थितीतून उभे राहिले. माणसाने एका भूमीचे रूप बदलले की प्राणीही आपला हिशेब बदलतात, एवढे या उदाहरणावरून दिसते.

शहराच्या टेकड्या

पुणे शहर या दोन टोकांच्या मधोमध वसले आहे. वेताळ टेकडी, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई, कात्रजच्या डोंगररांगा आणि बाणेर-पाषाणच्या टेकड्या यांनी ते वेढलेले आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, तर वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर आहे. पिंपरी, चिंचवड, वडगाव, आंबेगाव, जांभूळवाडी या जवळपासच्या गावांची नावे ऐकली की झाडांची नामावळी वाचल्याचा भास होतो. ही झाडे मात्र मुख्यतः ओढ्याकाठची, सखल जागेतली आणि गावठाणातली. टेकडीवरची गोष्ट वेगळी आहे.

टेकडी म्हणजे बेसॉल्टचा कातळ, त्यावर हातभर मुरूम आणि वीतभर माती. पावसाचे पाणी येथे थांबत नाही आणि डिसेंबरनंतर सहा महिने ओलावा नसतो. अशा ठिकाणी निसर्गतः जे उगवते त्याचे स्वरूप विरळ झाडे आणि त्यांच्यामधून पसरलेले गवत असे असते. सालई, मोई, मेडशिंगी, धावडा, पांगारा, पळस, खैर, वारस आणि हिवर ही झाडे अंतराअंतरावर उभी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसलेल्या फांद्यांवर पिवळीधमक मोठी फुले मिरवणारा गणेर आणि पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा पांढरूक हे कातळाचे खास सोबती. झुडपांत अमोणी, करवंद, हेंकळ आणि बोर. गवतांमध्ये कुसळी, पवन्या, मारवेल आणि सुगंधी रोशा.

पावसाळ्याचे चार महिने ही टेकडी एक वनस्पतिशास्त्रीय ग्रंथालय असते. जूनच्या पहिल्या सरींनंतर कंदांतून अंकुर निघतात. मुसळीची पांढरी फुले, रानहळदीचा जांभळट तुरा, कळलावीच्या ज्वाळेसारख्या पाकळ्या आणि नाना प्रकारच्या जमिनीवरील आमरी एकामागून एक येऊन जातात. गवताच्या आधाराने चढणारी कंदीलपुष्पाची, म्हणजे खर्पुडीची नाजूक वेल शोधण्यास नजर तयार लागते. तिचे फूल लहान कंदिलासारखे असते. आत शिरलेल्या बारीक माशीला खाली झुकलेल्या केसांमुळे परत फिरता येत नाही. फूल कोमेजू लागले, केस सुकले की पराग घेऊन तिची सुटका होते. या कुलातील काही जाती जगात केवळ सह्याद्री आणि दख्खनच्या पठारावरच आढळतात. शिवनेरी व वज्रगडासारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही अशीच एक दुर्मीळ मांसल वनस्पती आहे. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर परिसरातून तिचे वर्णन केले आणि तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. स्थानिक गुराख्यांना ती त्याआधीही ठाऊक असणारच.

पुण्याला वनस्पतिशास्त्राची परंपरा मोठी आहे. येथील विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आजही अभ्यासकांना त्याची पाने उलटावी लागतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय कार्यालय १९५५ पासून पुण्यात आहे. ज्ञान एवढे जवळ असूनही टेकड्यांच्या बाबतीत ते दीर्घकाळ उपयोगात आले नाही, ही खेदाची बाब होय.

गिरिपुष्पाचे रान

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेकड्या ‘उजाड’ आहेत आणि त्या हिरव्या करावयाच्या आहेत, असा विचार प्रबळ झाला. त्या काळची परिस्थिती पाहता तो समजण्यासारखा होता. शहर वाढत होते, चराई आणि सरपणतोड चालू होती, दगडखाणींनी उतार पोखरले होते, अतिक्रमणाची भीती होती. मोकळ्या टेकडीपेक्षा झाडे लावलेली टेकडी वाचवणे सोपे, हा हिशेब काही चुकीचा नव्हता. प्रश्न झाडाच्या निवडीचा होता. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी असेही म्हणतात, सर्व अटी पुरी करीत होते. छाट कलम खोवले तरी ते रुजते, खडकाळ मुरमात वाढते, गुरे त्याला फारसे तोंड लावीत नाहीत आणि वणवा लागून गेल्यावर ते पुन्हा फुटते. त्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र साठते. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते आजही उपयुक्त आहे.

टेकडीवर मात्र त्याच्या याच गुणांनी घोटाळा केला. वेताळ टेकडी आणि तळजाईच्या काही भागांत गिरिपुष्पाची एकसारखी दाट राने झाली. त्यांच्या सावलीत कुसळी आणि पवन्या उगवत नाही, मुसळी आणि खर्पुडी मागे हटतात, स्थानिक झाडांच्या रोपांना जागा उरत नाही. हलक्या जमिनीत नत्र वाढले की कमी खतावर जगण्याची सवय असलेल्या मूळ वनस्पतींपेक्षा घाणेरी, रानमोडी यांसारख्या आगंतुकांना अधिक लाभ होतो. फेब्रुवारीत गिरिपुष्प गुलाबी फुलांनी बहरते तेव्हा टेकडी सुंदर दिसते, हे मान्य केले पाहिजे. पण गवतात घरटे करणाऱ्या तित्तराला आणि चंडोलाला त्या शोभेचा उपयोग नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही टेकडी मुळात दाट वनानेच झाकलेली होती, माणसाने ती तोडली, गुरांनी खाल्ली आणि म्हणून गवत उरले, असे अनेकांना मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकातील पर्वतीच्या चित्रांत उतार उघडे दिसतात, परंतु तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तोवर शहराचे सरपण त्याच टेकड्यांवरून येत होते. या वादावर अलीकडे एका अनपेक्षित दिशेने प्रकाश पडला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील जुने मराठी वाङ्मय, चरित्रकथा आणि स्थळांच्या आख्यायिका यांतील रानवनस्पतींचे उल्लेख गोळा करून तपासण्यात आले. त्यांत बहुसंख्य वनस्पती मोकळ्या, गवताळ प्रदेशातील निघाल्या. हिवर, बोर, तरवड ही नावे संतांच्या आणि लोकदेवतांच्या कथांतून येत होती. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही या पर्जन्यछायेच्या मुलखात गवत आणि विरळ झाडे यांचेच राज्य बऱ्याच ठिकाणी होते. मराठीचा शिक्षक आणि वनस्पतिशास्त्राचा शिक्षक यांनी एकत्र बसावे असे हे काम आहे.

टेकड्यांवर प्राणिजीवनही अद्याप टिकून आहे. मोर, तित्तर, सातभाई, खाटीक, मुंगूस, ससा, घोरपड हे नेहमीचे. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ पहाटे फिरावयास येणाऱ्यांच्या कानी पडते. रानडुकरे आणि क्वचित बिबट्याही शहराच्या कडेला पोहोचतात. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या निवासी भागात एक गवा आला. गर्दी जमली, आरडाओरडा झाला, लोक त्याच्या मागे धावले आणि तो भेदरून रस्त्यांतून पळत राहिला. काही तासांच्या धावपळीनंतर त्याला पकडण्यात आले, पण तो जगला नाही. दोन आठवड्यांच्या आत दुसरा गवा पाषाण-बावधन परिसरात दिसला. या वेळी गर्दी दूर ठेवण्यात आली आणि तो पुन्हा रानाकडे परतला. पश्चिमेकडील वने आणि शहराच्या टेकड्या यांना जोडणारे डोंगर इमारतींनी तुटत चालले आहेत आणि प्राणी अजून जुन्याच वाटेने येतात, हे त्या दोन आठवड्यांत पुणेकरांनी पाहिले.

महापालिकेत १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित करण्यात आले. जमिनीच्या मोबदल्याचा आणि बांधकामाच्या परवानगीचा प्रश्न त्यासोबत दीर्घकाळ चर्चेत राहिला. आरक्षणाने बांधकाम थांबू शकते. त्या जमिनीवर पुढे काय लावायचे आणि काय लावू नये, हे मात्र वेगळे ठरवावे लागते.

खड्डा खोदण्यापूर्वी

राज्यात २०१६ पासून वृक्षलागवडीची मोठी मोहीम हाती घेण्यात आली आणि २०१९ या एका वर्षासाठी ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ग्रामपंचायती, शाळा, कार्यालये सर्व त्यात सामील झाले. अशा मोहिमांतील उत्साह मोलाचा आहे. अडचण वेळापत्रकात आहे. पाऊस पडताच रोप लावता यावे म्हणून खड्डे एप्रिल-मे मध्ये खोदले जातात आणि जागाही तेव्हाच निवडली जाते. त्या दिवसांत टेकडी वा माळ खरोखरच मोकळा दिसतो. मुसळी, रानहळद, कळलावी आणि खर्पुडी यांचे कंद त्या वेळी जमिनीखाली निद्रिस्त असतात. कुदळीच्या घावाने तुटलेला कंद कोणाच्या नजरेस पडत नाही आणि नोंदीत येत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एकदाच, एखाद्या उन्हाळी महिन्यात, मुदत संपत आली म्हणून भरली जाते. ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर लागवडीसाठी निवडलेल्या जागेची पाहणी आदल्या वर्षीच्या जुलै, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन महिन्यांत व्हावी. माध्यमिक शाळेतील मुलांना हे काम सहज जमते. एक मीटर लांब-रुंद दोरीचा चौकोन जमिनीवर टाकावा, त्यातील प्रत्येक वेगळी वनस्पती मोजावी, गावातील गुराखी, वैदू किंवा वृद्ध स्त्रियांकडून तिचे स्थानिक नाव विचारून लिहावे आणि असे दहा चौकोन घ्यावेत. शास्त्रीय नावासाठी छायाचित्र जवळच्या महाविद्यालयाकडे पाठवता येते. मेंढपाळांना अवश्य विचारावे. कोणत्या गवताला कोणत्या महिन्यात कुसळे येतात आणि लांडग्याची वीण कोणत्या ओघळीत आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पाहणीत कंदवर्गीय वनस्पती आणि पवन्या-मारवेलसारखी गवते भरपूर आढळली, तर ती जागा लागवडीतून वगळावी. चराईचे वेळापत्रक ठरवणे, गवत कापून नेण्यास परवानगी देणे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, घाणेरी उपटणे, एवढी कामे तेथे पुरेशी असतात आणि त्यांवर मजुरीही मिळू शकते. झाडे लावणे आवश्यकच असेल, तर मुरमाड उतारावर सालई, मोई, मेडशिंगी, धावडा, खैर, पळस, बोर यांची रोपे दूर अंतरावर लावावीत. करंज, जांभूळ, उंबर यांची जागा ओढ्याच्या काठी. गिरिपुष्पाचे दाट रान आधीच असेल तेथे सारे एकदम तोडू नये. दरवर्षी थोडी पट्टी विरळ करावी, उघड्या झालेल्या जागेत स्थानिक झाडांची रोपे आणि गवताचे बी टाकावे आणि ठुंठांना येणारी फूट दोन-तीन वर्षे काढत राहावे. एकदाच तोडून सोडले तर पुढच्या पावसाळ्यात गिरिपुष्प दुप्पट फांद्यांनी परत येते.

लागवडीचा वार्षिक आराखडा साधारणतः हिवाळ्यात तयार होतो. ऑक्टोबरअखेर दहा चौकोनांची यादी समितीच्या हाती आली, तर ती त्या आराखड्याला जोडता येते. नोव्हेंबर उजाडला की खर्पुडीची वेल वाळते, शेंगा तडकतात, रेशमी केसांचे बी वाऱ्यावर जाते आणि पुढील जूनपर्यंत त्या जागी काही होते याची जमिनीवर खूणही राहत नाही.